तळटीप : ‘जारची भांडणे’

हा जार पाण्याचा नव्हे. जावाचे तयार क्लास एकत्र बांधलेल्या फाईलला जार म्हणतात. क्लासचे नाव पॅकेजसकट घेतात, कारण नुसत्या नावाने भागत नाही. आपल्याकडे पिंपळगाव माळवी नगर तालुक्यात आणि पिंपळगाव पिसा श्रीगोंद्यात. नुसत्या ‘पिंपळगाव’वर पत्र कुठे जाणार? खरे भांडण लागते ते पूर्ण नावही एकच असते तेव्हा, म्हणजे एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या घरात असतात तेव्हा. क्लासपाथवर जी आधी सापडेल ती जावा उचलते, दुसरीकडे बघतही नाही. त्यामुळे नव्या आवृत्तीवर बिनतक्रार कंपाइल झालेला प्रोग्राम चालवताना जुनी जार पुढे आली, की ‘नो सच मेथड एरर’ देऊन कोसळतो. प्रकल्पाच्या जार गोळा करणारा मेवन निवडतो ती प्रकल्पाला सर्वांत जवळची आवृत्ती. ती नवी असेलच असे नाही. म्हणून आधी ‘डिपेंडन्सी ट्री’ काढून पाहावे. सर्व्हलेटची जार टॉमकॅट या सर्व्हरकडे असतेच. ती ‘प्रोव्हाइडेड’ ठेवावी, ॲपच्या ‘लिब’मध्ये कोंबू नये.

लेखकाचा अनुभव टॉमकॅट 9 पर्यंतचा आहे. 2020 च्या जकार्ता ईई 9 मध्ये ‘जावाएक्स’ पॅकेजांचे ‘जकार्ता’ असे नामांतर झाले आणि टॉमकॅट 10 ने ते स्वीकारले. आपल्या जिल्ह्याचे 2024 मध्ये अहिल्यानगर झाले, तरी कुणी ‘नगर’ म्हटले तर ऐकणाऱ्याला कळते. टॉमकॅटला कळत नाही. जुने ॲप आधी रूपांतरित करून घ्यावे लागते. – संपादक