निपाणकर, सिद्धोजीराव नाईक निंबाळकर

(मृत्यू १८३९). उत्तर पेशवाईतील सरदार, निपाणी जहागिरीचा धनी आणि दक्षिण महाराष्ट्राच्या राजकारणातला मुरब्बी माणूस. कागदोपत्री त्याला ‘सरलष्कर’ म्हणत. लोकांत आणि इंग्रजांच्या दफ्तरात मात्र तो अप्पा देसाई निपाणकर म्हणूनच गाजला.

त्या काळी मुलकी कारभार आणि लष्कर ही दोन खाती वेगळी नव्हती. सरदाराला पगाराऐवजी सरंजाम मिळे. त्याच्या वसुलातून त्याने ठरल्या संख्येचे घोडेस्वार पोसायचे आणि हुकूम येताच चाकरीला हजर करायचे. सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई तो शिलेदार. किती स्वार हजर झाले, यावर सरदाराचे वजन ठरे.

१८०२ च्या वसई तहानंतर दुसऱ्या बाजीराव पेशव्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी जनरल आर्थर वेलस्ली १८०३ च्या वसंतात पुण्याकडे निघाला. दक्षिणेतले जे सरदार त्याला मिळाले, त्यांत बापू गोखले आणि अप्पा देसाई हे प्रमुख होते. पुढे शिंदे-भोसल्यांविरुद्धच्या मोहिमेतही पेशव्यांचे स्वार इंग्रजी फौजेसोबत होते. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या लढाईत वेलस्लीने पायदळ नदीपार नेले, तेव्हा पेशव्यांच्या आणि म्हैसूरच्या स्वारांना शत्रूच्या घोडदळावर नजर ठेवण्यासाठी दक्षिण तीरावर थांबवले होते. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याच्या पत्रव्यवहारात अप्पा देसायाचे नाव अनेकदा येते.

निपाणकराचे खरे वैर कोल्हापूरकरांशी. चिकोडी आणि मनोळी या सुपीक तालुक्यांसाठी दोघांत लढाया झाल्या. पेशव्यांच्या पाठबळावर अप्पा देसायाने ते जिंकले. १८१२ च्या तहात कोल्हापूरकरांना त्यांवरचा हक्क सोडावा लागला.

पण डाव उलटला. १८१७-१८ च्या इंग्रज-पेशवे युद्धात निपाणकर नावाला पेशव्यांकडे राहिला, जिवावर उदार मात्र झाला नाही. कोल्हापूरने इंग्रजांना साथ दिली होती. बक्षीस म्हणून चिकोडी-मनोळी कोल्हापूरकरांना परत मिळाले. (१८२७ च्या तहाने इंग्रजांनी ते पुन्हा काढून घेतले.) बाजीरावाची गादी गेली, बेळगावचा किल्ला एप्रिल १८१८ मध्ये पडला, तरी निपाणीची जहागीर बरीचशी टिकली.

तलवारीने टिकवलेले वारसाअभावी गेले. १८३९ मध्ये सिद्धोजीराव निपुत्रिक वारला आणि कंपनी सरकारने जहागीर खालसा केली. १८४१ मध्ये निपाणीच्या गढीत शिबंदीने उठाव केला. तो इंग्रजांनी फौज पाठवून मोडला.

बापू गोखल्याला रणातल्या मरणाने कीर्ती दिली, निपाणकराला ती लाभली नाही. मात्र पेशवे, कोल्हापूरकर आणि इंग्रज या तिघांच्या कात्रीत दोन दशके जहागीर राखणारा त्याच्यासारखा धोरणी सरदार त्या मुलखात विरळाच.