‘लेडी’च्या कमरेच्या किल्ल्या

‘लेडी’ हा शब्द आपण रोज ऐकतो. आगगाडीच्या डब्यावर तो असतो, दवाखान्याच्या पाटीवर असतो. त्याचे मूळ पाहावे म्हणून मी एकदा कोश उघडला आणि आतून चक्क कणकेची परात निघाली! हजार-बाराशे वर्षांपूर्वी इंग्लंडात जी भाषा बोलली जाई तिला जुनी इंग्रजी म्हणतात. आजच्या इंग्रजालाही ती शिकल्यावाचून कळत नाही. त्या भाषेत ‘लॉर्ड’ म्हणजे ‘ह्लाफवेअर्ड’, भाकरी राखणारा. आणि ‘लेडी’ म्हणजे ‘ह्लॅफ्दिये’, भाकरीचे पीठ मळणारी. यातल्या ‘दिये’चे दूरचे नाते आपल्या ‘देह’ शब्दाशी आहे. लिंपून-मळून घडवणे हा दोहोंचा मूळ भाव. कष्ट तिचे आणि राखण त्याची, अशी ही वाटणी!

मग राखण्या-जपण्याचे इतर शब्दही मी पाहत गेले. ‘मुंड’ म्हणजे हात आणि ‘मुंड’ म्हणजेच संरक्षण. डोक्यावर कोणाचा तरी हात हवा, असे आपल्याकडे म्हणतात, तीच ही कल्पना. केंटचा राजा एथेलबर्ट याने इ. स. ६०० च्या सुमारास केलेले कायदे हे इंग्रजीतील सर्वांत जुने कायदे होत. विधवेच्या ‘मुंड’चा भंग करणाऱ्याला त्यांत दंड सांगितला आहे: उच्च कुळातील विधवा असेल तर ५० शिलिंग, त्याखालोखाल २०, मग १२, आणि शेवटी ६. बाईच्या अब्रूलाही पायऱ्या होत्या तर!

पण खरा मौजेचा शब्द ‘होर्ड’. होर्ड म्हणजे जपून ठेवलेला साठा. ग्रंथांचा संग्रह तो ‘बोकहोर्ड’, कवीजवळची शब्दसंपत्ती ती ‘वर्डहोर्ड’. आणि घरातले कोठार ते ‘होर्डएर्न’. या कोठाराची किल्ली मात्र बाईकडे असे. पाचव्या-सहाव्या शतकांतील स्त्रियांच्या थडग्यांत कमरेला अडकवलेल्या किल्ल्या सापडतात. काही तर नुसत्या किल्लीच्या आकाराच्या काशाच्या पट्ट्या आहेत. त्यांनी कुठलेच कुलूप उघडणार नाही. म्हणजे तो मान होता. सासूने कमरेचा जुडगा सोडून सुनेच्या हाती दिला, की घर कोणाचे झाले हे आपल्याकडे वेगळे सांगावे लागत नाही.

हा मान कायद्याने किती मानला, ते पाहण्यासारखे आहे. नवऱ्याने चोरीचा माल घरात आणला तर बायको दोषी काय? सातव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्सच्या इनी राजाने ठरवले की नवऱ्याने गुरू चोरून आणले, पण बायकोने त्याच्या मांसाला तोंड लावले नाही अशी शपथ घेतली, तर मालमत्तेतला तिचा तिसरा हिस्सा तिला मिळावा. कारण नवऱ्याचे ऐकणे तिला भागच आहे. पुढे क्नूट राजाच्या (१०१६-१०३५) कायद्यात किल्ली आली. घरात काय आणावे याला बायको नवऱ्याला मनाई करू शकत नाही, हे त्या कायद्याला ठाऊक आहे. म्हणून माल नुसता घरात सापडला तर ती निर्दोष. पण तिचे कोठार, तिचा संदूक आणि तिची पेटी या तिन्हींच्या किल्ल्या तिने सांभाळायच्या. त्यांत माल निघाला तर तीही गुन्हेगार! पूर्वी लोभी माणसे पाळण्यातल्या, घासही न चाखलेल्या बाळालाही गुन्हेगार धरीत, तेही क्नूटने बंद केले. जबाबदारी आली ती खरी, पण तीन कुलपांआड का होईना, बाई नवऱ्याहून वेगळी मोजली गेली.

राखणदारी केवळ डब्या-बरण्यांची नव्हती. ‘बुर्ह’ म्हणजे तटबंदीचे ठाणे. हा शब्दही रक्षण करण्याच्या धातूशी जोडतात. मर्सियाची एथेलफ्लेड हिने ९१३ मध्ये टॅमवर्थ आणि स्टॅफर्ड येथे डेन लोकांविरुद्ध अशी ठाणी बांधली. ९१८ मध्ये ती वारली. तिची पदवी काय? ‘मर्सियनांची ह्लॅफ्दिये’. पीठ मळणारी तटावर चढली होती.

१०६६ मध्ये नॉर्मन आले. पुढील शतकांत विवाहित स्त्रीचे कायदेशीर अस्तित्वच नवऱ्याच्या अस्तित्वात विरून गेले. ‘लेडी’ शब्द राहिला, किल्ल्याही राहिल्या, पण पेटीतली वस्तू नवऱ्याची! स्वतःच्या नावाने मालमत्ता बाळगण्याचा पूर्ण हक्क तिकडच्या विवाहितेला १८८२ च्या कायद्याने मिळाला.

एथेलबर्टचे कायदे आज एकाच हस्तलिखितात उरले आहेत. बाराव्या शतकात रॉचेस्टरला केलेली ही नक्कल अठराव्या शतकाच्या आरंभी पाण्यात पडली होती, सुदैवाने वाचली. तिच्यात एक वाक्य आहे: स्वतंत्र, ‘लोकबोरे’ स्त्रीने लबाडी केली तर ३० शिलिंग दंड. जुन्या इंग्रजीत ‘लोक’ म्हणजे कुलूप, आणि ‘लोक्क’ म्हणजे केसांची बट. पंडितांनी बरीच वर्षे याचा अर्थ ‘लांब केसांची’ असा केला. १९८४ मध्ये क्रिस्टीन फेल या विदुषींनी ‘किल्ल्या सांभाळणारी’ असा अर्थ मांडला. वाद अजून आहे. लबाडीचा दंड सांगताना कोणी बाईचे केस मोजील, हे मला तरी पटत नाही.