ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सुवाह्य
हवेतील नायट्रोजन शोषून घेऊन उरलेला, सु. ९० टक्के किंवा अधिक ऑक्सिजन असलेला वायू नाकातील नळीवाटे रुग्णास पुरविणारे, बॅटरीवर चालणारे व बरोबर नेता येण्याजोगे यंत्र. ते ऑक्सिजन निर्माण करीत नाही, हवेत असलेलाच (सु. २१ टक्के) वेगळा काढते. सिलिंडराप्रमाणे त्याचा साठा संपत नाही. मात्र वीज संपली की पुरवठाही थांबतो.

ऑक्सिजनाने उपचार करण्याची कल्पना त्या वायूच्या शोधाइतकीच जुनी आहे. जोसेफ प्रीस्टली यांनी १७७४ मध्ये हा वायू मिळविला, पुढे तो स्वतः हुंगून पाहिला व औषध म्हणून त्याचा उपयोग होईल असा तर्कही केला. टॉमस बेडोझ यांनी १७९९ मध्ये ब्रिस्टल येथे वायूंनी उपचार करणारी संस्था स्थापन केली. तिच्यासाठी जेम्स वॉट यांनी उपकरणे आखली, तर हंफ्री डेव्ही तेथे प्रयोग करीत. तथापि कोणाला, किती व कशासाठी वायू द्यावयाचा हे ठरविण्याचे साधन नसल्याने हे उपचार मागे पडले. कार्ल फोन लिंडे यांनी १८९५ मध्ये हवेच्या द्रवीकरणाची औद्योगिक पद्धत सिद्ध केल्यानंतर ऑक्सिजन विपुल झाला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंनी बाधित झालेल्या सैनिकांना जॉन स्कॉट हॉल्डेन यांच्या उपकरणातून तो मोजून व सलग देण्यात आला. मधूनमधून थोडा वायू हुंगविण्याची प्रथा हॉल्डेन यांनी त्याज्य ठरविली होती. पुढील सर्व इतिहासाच्या मुळाशी हाच मुद्दा आहे. शरीरात ऑक्सिजनाचा साठा जवळजवळ नसतो. म्हणून त्याची मात्रा लिटरांप्रमाणे तासांतही मोजावी लागते.

सलग ऑक्सिजन म्हणजे रुग्ण खाटेला जखडलेला, असे समीकरण दीर्घकाळ टिकले. न्यूयॉर्कमधील ॲल्व्हन बाराक यांनी १९५० नंतर लहान सिलिंडर देऊन रुग्णांना हिंडतेफिरते करण्याचा प्रयत्न केला. समुद्रसपाटीपासून सु. १,६०० मी. उंचीवरील डेन्व्हर येथे, जेथे विरळ हवेमुळे फुफ्फुसरुग्णांचे हाल अधिक होतात, टॉमस पेटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ च्या सुमारास द्रवरूप ऑक्सिजनाची खांद्यावर अडकविता येणारी पात्रे वापरली. या उपचाराने आयुष्य खरोखरच वाढते काय, याचे उत्तर दोन चाचण्यांनी दिले. अमेरिकेतील चाचणीत (१९८०) २०३ रुग्ण होते. केवळ रात्री सु. १२ तास ऑक्सिजन घेणाऱ्यांतील मृत्यूंचे प्रमाण सु. १८ तास घेणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळले. ब्रिटनमधील चाचणीत (१९८१) रोज किमान १५ तास ऑक्सिजन घेणाऱ्या ४२ जणांपैकी १९, तर न घेणाऱ्या ४५ पैकी ३० रुग्ण पाच वर्षांत दगावले. अमेरिकन चाचणीतील अधिक तास घेणाऱ्या गटाला हलकी, बरोबर नेण्याजोगी साधने दिलेली होती. त्यामुळे लाभ तासांचा किती व चालण्याफिरण्याचा किती, हा प्रश्न मात्र अनिर्णित राहिला.

सिलिंडर जड व पुन:पुन्हा भरावा लागणारा. द्रवरूप ऑक्सिजन हलका, पण आपोआप बाष्प होऊन उडून जाणारा. यांवरचा उपाय वैद्यकाबाहेरून, खनिजविज्ञान व रासायनिक अभियांत्रिकी यांतून आला. झिओलाइट या सच्छिद्र खनिजांना १७५६ मध्ये स्वीडनचे आक्सेल क्रूनस्टेट यांनी नाव दिले. पुणे, नासिक, जळगाव या भागांत दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टातील पोकळ्यांत त्यांचे अतिशय सुंदर स्फटिक आढळतात व ते जगभरच्या संग्रहालयांत गेलेले आहेत. कॉन्सन्ट्रेटरमध्ये मात्र कृत्रिम झिओलाइट वापरतात. ते अमेरिकेत १९४९ च्या सुमारास रॉबर्ट मिल्टन यांनी तयार केले. नायट्रोजनाच्या रेणूतील विद्युत् भाराची वाटणी ऑक्सिजनापेक्षा अधिक असमान असल्यामुळे झिओलाइटातील धन आयन त्याला अधिक जोराने धरून ठेवतात. दाब वाढविला की नायट्रोजन धरला जातो, कमी केला की सुटतो. दोन नळकांडी आळीपाळीने अशी वापरण्याच्या पद्धतीचे पेटंट चार्ल्स स्कारस्ट्रॉम यांना १९६० मध्ये मिळाले. हवेतील आर्गॉन ऑक्सिजनाबरोबरच बाहेर पडत असल्याने शुद्धता सु. ९५ टक्क्यांपलीकडे जात नाही. या तत्त्वावरील घरगुती यंत्रे १९७० नंतर प्रचारात आली. ती चाके लावलेली, पण भिंतीतील विजेला बांधलेली होती.

नायट्रोजन अधिक धरणारे लिथियमयुक्त झिओलाइट (सु. १९८९), लिथियम-आयन बॅटरी व लहान संपीडक यांच्या संयोगाने २००२ च्या सुमारास खांद्यावरून नेता येणारी यंत्रे बाजारात आली. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने २००५ मध्ये अशा दोन यंत्रांना विमानात वापरण्यास प्रथम संमती दिली. मात्र हलकेपणाची किंमत मोजावी लागते. घरगुती यंत्र मिनिटाला ५ लि. वायू अखंड देऊ शकते, सु. २ किग्रॅ. वजनाचे सुवाह्य यंत्र बहुधा १ लि. च्या आसपासच तयार करते. म्हणून ते श्वास घेण्याच्या आरंभीच वायूचा छोटा झोत सोडते. श्वासाच्या अखेरीस आत गेलेला वायू फुफ्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतच नसल्याने ही काटकसर युक्तच आहे. तथापि यंत्रावरील ‘२’ हा आकडा मिनिटाला २ लि. असा नसतो व दोन बनावटींतील ‘२’ परस्परांशी जुळतीलच असे नाही. चढ चढताना श्वास जलद झाला की काही यंत्रांत प्रत्येक झोत लहान होतो. झोपेतील उथळ श्वास काही यंत्रांना जाणवतही नाही. विक्रेत्यांच्या पत्रकांत या गोष्टींना सहसा स्थान नसते.

यास्तव यंत्राची निवड आकड्यावरून किंवा वजनावरून न करता रुग्ण तेच यंत्र लावून चालत असताना व झोपेत त्याच्या रक्तातील ऑक्सिजनाची संपृक्तता मोजून करावी. ही मापने बोटाला लावण्याच्या ऑक्सिमीटरने होतात. त्याचे तत्त्व ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये जपानमध्ये मांडले. विश्रांतीत संपृक्तता ८८ टक्के वा त्याहून कमी असेल, तर दीर्घकालीन ऑक्सिजन हितावह ठरतो. मध्यम घट असलेल्या ७३८ रुग्णांच्या २०१६ मधील अमेरिकन चाचणीत मात्र आयुर्मानात वा रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. केवळ दम लागतो म्हणून यंत्र घेणे यामुळेच सयुक्तिक नाही.

भारतात हे यंत्र घरोघरी माहीत झाले ते एप्रिल-मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत. वैयक्तिक वापरासाठी आयात केलेल्या यंत्रावरील २८ टक्के कर मे महिन्यात १२ व जूनमध्ये ५ टक्क्यांवर आणला गेला, तर जूनमध्येच विक्रीतील नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. टंचाईत मिळेल ते यंत्र विकत घेतले जात होते. पण अत्यवस्थ रुग्णाला मिनिटाला १५ लि. किंवा त्याहून अधिक ऑक्सिजन लागू शकतो. तेथे घरगुती यंत्रही अपुरे पडते, तर झोत देणाऱ्या सुवाह्य यंत्राचा उपयोग नाही.

वापरात धूळ व आर्द्रता हे यंत्राचे मुख्य शत्रू आहेत. गाळणी नियमित धुवावी लागते. दीर्घकाळ बंद ठेवल्यास झिओलाइट बाष्प शोषून निकामी होऊ लागते व बाहेर पडणाऱ्या वायूची शुद्धता घसरते. ती ८२ टक्क्यांखाली गेल्यास यंत्र उपचारास अयोग्य समजतात. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण ज्वलनास अतिशय मदत करतो. म्हणून विडी-सिगारेट, गॅसची शेगडी व देवापुढील निरांजन यांपासून नळी लावलेल्या रुग्णाने दूर राहावे. प्रवासात अपेक्षित काळाच्या दीडपट पुरेल इतक्या बॅटऱ्या जवळ असाव्यात, असा विमानकंपन्यांचाही आग्रह असू शकतो. भारनियमन असलेल्या गावी घरात एक भरलेला सिलिंडर राखून ठेवणे आवश्यक असते.