तोंडाचा कर्करोग आणि प्रकाशाने तापणारे सोन्याचे कण

मावा, गुटखा, सुपारी, मिश्री यांच्यामुळे तोंडाचा कर्करोग आपल्या वस्त्यांना अनोळखी राहिलेला नाही. त्यामुळे ‘आता ऑपरेशन नको, लाइट मारला की गाठ जळते’ असा व्हिडिओ मोबाइलवर आला, की घरचे आशेने बघतात. यात तथ्य आहे, पण अर्धंच. म्हणून ते नीट समजून घेऊ.

पद्धत काय आहे?
सोन्यासारख्या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण गाठीत पोहोचवतात आणि त्यावर लेझरचा अवरक्त प्रकाश टाकतात. कण प्रकाश शोषून तापतात आणि त्या उष्णतेने कर्करोगाच्या पेशी मरतात. जिथे कण नाहीत, तो भाग फारसा तापत नाही. तोंडात प्रकाश सरळ पोहोचवता येतो, म्हणून या आजारासाठी ही पद्धत उपयोगी पडेल अशी आशा आहे.

आपल्याकडे काय झालं?
वडाळ्याहून हार्बरची पनवेल लोकल धरली की खारघर येतं. तिथे टाटा मेमोरियल सेंटरची ‘ॲक्ट्रेक’ ही संशोधन संस्था आहे. या संस्थेने पवईच्या आयआयटी मुंबईसोबत सोन्याचा मुलामा दिलेले, शरीरात विरघळणारे कण तयार करून उंदरांवर प्रयोग केले. ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. उंदरांवरचं यश म्हणजे माणसांवरचा इलाज नव्हे. त्यासाठी पुढे बऱ्याच चाचण्या लागतात.

जपानने २०२० मध्ये डोकं-मानेच्या कर्करोगासाठी प्रकाशाच्या एका उपचाराला मान्यता दिली. पण तो वेगळा आहे. त्यात सोन्याचे कण नसतात, प्रकाशाने जागं होणारं औषध असतं. शिवाय तो ऑपरेशन शक्य नसलेल्या रुग्णांसाठी आहे.

मर्यादा कोणती?
प्रकाश शरीरात फार खोल जात नाही. तोंडाचा कर्करोग मात्र मानेतल्या गाठींत लपून पसरतो. परळच्या टाटा रुग्णालयाचा २०१५ चा मोठा अभ्यास याबद्दलच आहे. सुरुवातीच्या टप्प्यातच तोंडाबरोबर मानेतल्या गाठीही काढलेल्या रुग्णांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. गाठी वाढल्यावर मानेचं ऑपरेशन केलेल्या गटात हेच प्रमाण ६७.५ टक्के होतं. म्हणजे वाट बघणं महागात पडतं.

घरच्यांनी काय करावं?
दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं यांपैकी काहीही दिसलं तर लगेच तपासून घ्या. तपासणीसाठी तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही भीती मनातून काढा. कुणी प्रकाशाचा उपचार सुचवला, तर ‘हा मान्यताप्राप्त इलाज आहे की चाचणी?’ असं स्पष्ट विचारा. चाचणी असेल तर नोंदणी आणि लेखी संमतीचे कागद मागा. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत मदत मिळते.

दुआ जरूर करावी, नव्या शोधांची उमेदही ठेवावी. पण ऑपरेशनची तारीख मिळाली असेल, तर ती व्हिडिओ बघून पुढे ढकलू नये, एवढीच आमची कळकळीची विनंती.