साष्टीतील ख्रिस्ती धर्मप्रसार

मुंबईच्या उत्तरेकडील साष्टी (सासष्टी) बेटावर, म्हणजे आजच्या वांद्रे, अंधेरी, जोगेश्वरी, बोरिवली, मुलुंड व ठाणे या परिसरात, सोळाव्या शतकात सुरू झालेले ख्रिस्ती धर्मप्रसाराचे कार्य. गोव्यातील याच नावाचा तालुका वेगळा होय.

गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने १५३४ च्या तहाने वसई व तिच्या अंमलाखालील बेटे पोर्तुगीजांना दिली. त्यांच्या पाठोपाठ फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक आले. त्यांच्यापैकी आंतोनियू दु पोर्तु याचे नाव या प्रदेशातील आरंभीच्या धर्मांतरांशी निगडित आहे. जोगेश्वरीच्या शैव लेण्याशी साम्य असलेल्या बोरिवलीजवळील मंडपेश्वर लेण्याचे त्याच काळात चॅपेलमध्ये रूपांतर झाले व वरच्या टेकाडावर मठ आणि विद्यालय उभे राहिले. लेण्यातील एका भिंतीवर कोरलेला क्रूस आजही दिसतो. फ्रान्सिस झेव्हिअरच्या वसईभेटीनंतर जेझुइटही या कार्यात उतरले. वांद्रे, ठाणे व मरोळ ही त्यांची केंद्रे होती. मरोळजवळील कोंडिविटे येथे त्यांनी १५७९ मध्ये बांधलेल्या चर्चचे अवशेष आज सीप्झच्या आवारात आहेत.

प्रसाराच्या पद्धती एकसारख्या नव्हत्या. एका बाजूस मंदिरांचा विध्वंस, सार्वजनिक हिंदू विधींवरील बंदी, अनाथ मुलांना ख्रिस्ती पाद्र्यांच्या स्वाधीन करण्याचा १५५९ चा कायदा आणि नवख्रिस्तींना मिळणाऱ्या सवलती यांमागे राजसत्तेचे बळ होते. दुसऱ्या बाजूस शिक्षण, रुग्णसेवा व उपजीविकेची सोय यांवरही भर होता. विहारजवळील त्रिंदाद येथे जेझुइटांनी नवख्रिस्ती कुटुंबांसाठी शेतीची वसाहत वसविली. गोव्याच्या १५६७ च्या धर्मपरिषदेने बळजबरीचे धर्मांतर अमान्य केले. तथापि हिंदू विधींविरुद्धचे निर्बंध तिनेच अधिक कडक केले. श्रद्धा ही मनाची संमती मागते, हे तत्त्व मान्य असूनही सत्तेचा मोह सोडवला नाही, ही या इतिहासातील मूळ विसंगती होय.

उपदेश लोकांच्या भाषेत केल्यावाचून तो रुजत नाही, ही जाणीवही लवकरच झाली. फ्रान्सिस्को वाझ द गिमाराईश याचे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील मराठी पद्यपुराण १६५९ मध्ये लिस्बन येथे छापले गेले. उत्तर कोकणातील ख्रिस्ती घरांत उपवासकाळात ते गाण्याची प्रथा पुढे दीर्घकाळ टिकली.

या कार्याची खरी कसोटी मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी व १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर लागली. पोर्तुगीज सत्ता गेली आणि तिच्याबरोबर बहुतेक यूरोपीय पाद्रीही गेले. धर्मांतर केवळ सत्तेच्या दडपणाखाली झाले असते, तर ते दडपण सरताच समाज विखुरला असता. मराठ्यांनी मात्र धर्माचरणास मुभा दिली आणि एतद्देशीय धर्मगुरूंनी धर्मकार्य चालू ठेवले. फ्रेंच प्रवासी आंकतील द्यूपेराँ १७६० मध्ये ठाण्यास आला, तेव्हा ख्रिस्ती सण उघडपणे साजरे होत असल्याचे त्याला आढळले. पूर्वजांवर लादलेला किंवा त्यांनी स्वीकारलेला धर्म आता वंशजांचा स्वतःचा झाला होता.

इंग्रजांनी १७७४ मध्ये साष्टी घेतली. येथील ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. धर्म बदलला, तरी मराठीची स्थानिक बोली, लुगडे, विवाहातील 'उंबराचे पाणी' आणि नव्या पिकाचा 'आगेरा' हा सण त्यांनी सोडला नाही. १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथीत गावठाणांच्या नाक्यांवर अनेक क्रूस उभारले गेले. तेथे शेजाऱ्यांसह होणारी सामुदायिक प्रार्थना हा या समाजाच्या श्रद्धेचा सर्वांत सहज आविष्कार होय; तिच्यामागे कोणत्याही सत्तेचे पाठबळ नव्हते.