सुपारीएवढी पपई

दिवाळीच्या फराळावर आजवर इतके लिहून झाले आहे की, चकलीच्या काट्याविषयी किंवा अनारशाच्या जाळीविषयी नवे काही सांगण्याचे धाडस मी करणार नाही. मला सांगायचे आहे ते फराळाचे डबे निम्मे रिकामे झाल्यानंतरचे. भाऊबीज उलटली, गोडाचा कंटाळा आला, की पुष्कळ घरांतून मटणाचा वास सुटतो. शाकाहारी वाचकांनी रागावू नये; या लेखाचा नायक बोकड नसून एक फळ आहे.

गोष्ट १९६४ सालची. आम्ही माझगावच्या एका चाळीत राहत होतो. ताईचे लग्न त्याच वैशाखात झाले होते. लग्नानंतरच्या पहिल्या मांसाहारी जेवणाला तिच्या सासरची मंडळी आली, तेव्हा आईने केलेले मटण काही केल्या शिजले नाही. वडिलांच्या पगारात कोवळ्या बोकडाचे रान परवडत नसे. खाटकाकडे उशिरा गेले म्हणजे जून जनावराचे मानेचे, खांद्याचे मांस थोडे स्वस्त पडे. तेच आमच्याकडे येई. त्या दिवशी विहीणबाई हसत हसत म्हणाल्या, "तुमच्याकडे जेवायला यायचं म्हणजे वेळ काढूनच यायला हवं!" सगळे हसले, आईही हसली. पण रात्री भांडी घासताना तिचा चेहरा मी पाहिला आहे. बोल मटणाला नव्हता, आमच्या परिस्थितीला होता. आणि तो ताईला सासरी पुढे किती वेळा ऐकावा लागेल, याचा हिशेब आई करीत होती.

म्हणून दिवाळसणाला काही झाले तरी मटण मऊ व्हायलाच हवे होते. शेजारी एक गोंयकार मावशी राहत. त्यांनी उपाय सांगितला, "कच्ची पपाय घाल गो बाये, दगड शिजतलो!" आईने अर्धी हिरवी पपई सालीसकट पाट्यावर वाटली, सकाळीच मटणाला चोळली आणि रात्रीपर्यंत झाकून ठेवली. उपाय खरा होता, प्रमाण चुकले होते. पातेल्याचे झाकण काढले तेव्हा आत फोडी नव्हत्याच. हाडे वेगळी आणि भोवती पिठल्यासारखा लगदा. दाजी बिचारे मुकाट्याने भाकरी बुडवून जेवले. विहीणबाईही काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचे न बोलणे आईला अधिक लागले. ती त्या रात्री जेवली नाही.

पुढे मी शिक्षक झालो, इतिहास शिकवू लागलो, आणि त्या लगद्याने माझा पिच्छा सोडला नाही. ही पपई आली कुठून, आणि ती मांसाला असे करते तरी काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी आधी आपल्याच जुन्या ग्रंथांकडे वळलो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात मांसाचे नाना प्रकार आहेत. सळईवर भाजलेले मांस आहे, हिंग आहे, मीठ आहे, आंबट रस आहेत. पपई मात्र नाही. ती असणेच शक्य नव्हते, कारण पपई हे मूळचे अमेरिका खंडातील फळ. कोलंबसाच्या मागोमाग गेलेल्या स्पॅनिश लोकांनी ते पाहिले, आणि मिरची, बटाटा, पेरू, अननस यांच्याप्रमाणेच ते समुद्र ओलांडून जगभर गेले. नावसुद्धा तिकडचेच, कॅरिबियन बेटांकडचे. पोर्तुगीजांच्या तोंडून ते आपल्याकडे आले आणि कोकणीत पपाय, मराठीत पपई झाले.

याला साक्षीदार आहे तो गोव्याचाच. यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन नावाचा डच तरुण १५८३ साली गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून आला आणि पाचएक वर्षे राहिला. १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने पपईची नोंद केली आहे. हे फळ स्पॅनिश मुलखातून फिलिपाइन्सकडून मलाक्याला आणि तेथून हिंदुस्थानात आले, असे तो सांगतो. म्हणजे ते पश्चिमेकडून सरळ न येता पृथ्वीला जवळजवळ वळसा घालून पूर्वेच्या दाराने आले! आमच्या मावशी ज्या पपईला आपल्या गावची समजत, ती त्यांच्या गावी आली त्याला तेव्हा पुरती चारशे वर्षेही झाली नव्हती.

मांस मऊ करण्याचा तिचा गुण कोणी प्रथम हेरला, त्याचे नाव कोणत्याच बखरीत सापडायचे नाही. तो स्वयंपाकघरांतून, एका चुलीवरून दुसरीकडे गेला असणार. लेखी नोंदी मागाहून येतात. ग्रिफिथ ह्यूज या पाद्र्याने १७५० साली बार्बाडोस बेटावर ग्रंथ लिहिला. जुने, चिवट, खारवलेले मांस कच्च्या पपईबरोबर उकळले की लवकर मऊ होते, हे त्याने नमूद केले आहे. १८७०च्या दशकात कलकत्त्याच्या रॉय नावाच्या एका संशोधकाने पपईच्या चिकाचा मांसादी पदार्थांवर होणारा परिणाम तपासला. १८७९ साली पॅरिसमध्ये व्युर्त्झ आणि बूशू यांनी त्या चिकातील कार्यकारी द्रव्याला 'पपेन' हे नाव दिले. बायकांच्या हातातली गोष्ट अशी शास्त्राच्या वहीत चढली.

आता दुसरा प्रश्न. मांस चिवट का होते? जनावराचा जो अवयव अधिक राबतो, त्यातील स्नायूंभोवतीचे पांढरे चिवट वेष्टण जाड होत जाते. वय वाढते तसे ते अधिकच पक्के होते. मान, खांदा, मांडी हे राबणारे भाग. म्हणून ते कठीण, आणि म्हणून स्वस्त. राबणाऱ्या जनावराचे राबणारे भाग राबणाऱ्या माणसांच्या ताटात येतात, हा बाजाराचा नियम जुनाच आहे. मंद आचेवर, ओलाव्यात, दोन-तीन तास शिजवले तर ते वेष्टण विरघळते आणि रश्शाला दाटपणा येतो. परंतु मांस तव्यावर झटपट परतायचे असेल, तर इतका वेळ मिळतच नाही. तेथे मग दुसरे इलाज लागतात: धाग्याला आडवे कापणे, ठेचणे, मीठ लावून मुरवणे, आणि आपली ही पपई.

पपेन मांसाचे धागेच तोडते. साध्या हवेत ते संथपणे काम करते. साठ-सत्तर अंश उष्णतेला ते खवळते, आणि त्यापुढे उकळीच्या जवळ गेले की हळूहळू निकामी होते. म्हणजे खरे काम मुरताना कमी आणि पातेले तापत असताना अधिक होते. आईने अर्धी पपई घालून मटण मंद आचेवर ठेवले, तेव्हा त्या खवळलेल्या अवस्थेला तिने भरपूर अवधी दिला होता. शिवाय हा चीक कच्च्या फळातच मुबलक असतो. पिकलेल्या पपईने हे साधत नाही.

हीच विद्या दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत डब्यात भरून विकली गेली. तेथे मांसाचा जाड काप तव्यावर किंवा जाळीवर भाजून खाण्याची मोठी हौस. त्याला ते स्टेक म्हणतात. पण मऊ काप महाग आणि स्वस्त काप चिवट, हे दुखणे तिथल्या गृहिणीलाही होतेच. कॅलिफोर्नियातील अॅडॉल्फ रेम्प या आचाऱ्याची पपेनयुक्त पूड लॉइड रिग्लर आणि लॉरेन्स ड्यूश या दोघा भागीदारांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणली आणि ती घरोघर पोचली. त्या काळी पपेनचा मोठा पुरवठा सिलोन आणि आफ्रिकेतून होई. हिरव्या फळांना झाडावरच चिरा देत, ठिबकणारा चीक गोळा करीत, वाळवीत. सिलोनच्या मजुराने गोळा केलेला चीक अमेरिकेच्या कामगाराचा स्वस्त काप मऊ करीत होता. माझगावच्या आमच्या खोलीत आणि तिकडच्या त्या स्वयंपाकघरात सात समुद्रांचे अंतर होते. पण चिंता एकच होती. थोड्या पैशांत आणलेले अन्न आल्यागेल्यापुढे मान खाली न घालता कसे वाढावे?

आईने हार मानली नाही. पुढच्या काही महिन्यांत, मटण जेव्हा जेव्हा घरी येई तेव्हा, ती प्रमाण शोधत राहिली. शेवटी तिला ते सापडले. अर्धा किलो मटणाला सालीसकट वाटलेली कच्ची पपई सुपारीएवढी, त्याहून जास्त नाही. आणि मुरवायचे तासभर. मांडीचे मांस धाग्याला आडवे, बोटाच्या निम्म्या जाडीचे कापून ती वरवंट्याने हलक्या हाताने ठेची. मीठ, आले, लसूण, हळद आणि भरडलेली मिरी पपईबरोबरच लावी. तव्यावर टाकण्यापूर्वी फोडी फडक्याने टिपून घेई; ओली फोड भाजली जात नाही, उकडली जाते, असे तिचे म्हणणे. लोखंडी तवा चांगला तापवून, थोड्या तेलावर, गर्दी न करता एकेक फोड दोन्ही बाजूंनी खरपूस होऊ द्यायची. मग आच उतरवून, झाकण ठेवून आतपर्यंत शिजवायची. शेवटी लिंबू.

पुढल्या वर्षी, १९६५च्या दिवाळीत, भाऊबिजेला ताई आणि दाजी आले, विहीणबाईही आल्या. आईने तव्यावरचे मटण केले. विहीणबाईंनी पहिली फोड तोंडात टाकली, दुसरी घेतली, आणि तिसरीला म्हणाल्या, "कुठल्या खाटकाकडून आणता हो?"

आईने खाटकाचे नाव सांगितले. पपईचे सांगितले नाही. ते तिने ताईला सांगितले, निघताना, जिन्यात. आणि हाताने माप दाखवले. ताई आज ऐंशीच्या पुढे आहे. नातसुनेला पपई वाटायला सांगताना ती अजून अंगठा आणि तर्जनी जुळवून तेवढेच माप दाखवते.