सुट्या भागांवरच्या खुणा

दहिवलीत आमच्या एका निवृत्त सहकाऱ्यांनी घराच्या मागच्या पडवीत एक जुने मिलिंग मशीन आणून बसविले आहे. कारखाना बंद पडला तेव्हा ते भंगारात निघाले. ह्यांनी ते वजनावर विकत घेतले. लेथवर काम फिरते व हत्यार एका जागी असते. ह्या यंत्रात दात असलेले गोल हत्यार फिरते आणि टेबलावर आवळलेले काम त्याखालून सरकत जाते. मशीन पार खोलून पुन्हा जोडावयाचे होते. आमच्याकडे दिवा धरण्याचे काम आले. टेबलाच्या खाचेत एक लांब, किंचित निमुळती पट्टी असते. कारागीर तिला जिब म्हणतात. तिच्यावर पंचाने मारलेले तीन ठिपके होते आणि खाचेच्या कडेवरही तीनच. "ही ह्याच घरची," ते म्हणाले, "दुसरीकडे नांदायची नाही."

ह्या ठिपक्यांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. एली व्हिटनी ह्या अमेरिकन कारखानदाराने १७९८ साली दोन वर्षांत १०,००० बंदुका पुरविण्याचा सरकारी मक्ता घेतला. १८०१ साली त्याने वॉशिंग्टनला ॲडम्स व जेफर्सन ह्यांच्यापुढे बंदुकीच्या कळीचे सुटे भाग मांडले आणि कोणताही भाग कोणत्याही बंदुकीस बसतो असे दाखविले. ठरलेल्या बंदुका पुऱ्या व्हावयास मात्र १८०९ साल उजाडले! पुढे शंभर-दीडशे वर्षे पाठ्यपुस्तकांतून त्याचा जयजयकार चालला. १९६० साली रॉबर्ट वुडबरी ह्या इतिहासकाराने ही दंतकथा तपासून पाहिली. व्हिटनीच्या उरलेल्या बंदुकांचे भाग एकमेकींस बसत नव्हते, आणि काही भागांवर ओळखीच्या खुणा कोरलेल्या होत्या. कोणता भाग कोणत्या बंदुकीचा हे विसरू नये म्हणून, कानशीने घासून ते बसविणाऱ्यांनीच त्या कोरल्या असणार. नाव मालकाचे झाले. मजुराची सही तेवढी लोखंडावर राहिली.

मिलिंग मशीनचे जनकत्वही पुष्कळ दिवस ह्याच व्हिटनीकडे होते. खरे पाहता १८२०च्या आगेमागे ते अमेरिकेतील अनेक बंदूकशाळांत थोडेथोडे घडत गेले. तेथील यादवी युद्धाच्या काळात बंदुकांना बारीक भोके पाडण्यासाठी पिळाचे ड्रिल लागत, आणि त्या पिळाच्या खाचा कारागीर गोल कानशीने हातांनी काढीत. फ्रेडरिक होव्ह ही अडचण घेऊन जोसेफ ब्राऊनकडे गेला आणि १८६२ साली ब्राऊनने युनिव्हर्सल मिलिंग मशीन तयार केले. कानस हातातून सुटली ती अशी.

आपल्याकडे वाट उलटी होती. यंत्र आगबोटीतून तयार उतरले आणि ते खोलता-जोडता आपले हात तयार झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात उघडले ते सायकलींचे दुकान. सायकलच्या चाकाचा कोन किती आवळावा हे ज्याच्या बोटांना कळले, त्याला यंत्राच्या बेअरिंगचे निम्मे मर्म कळले. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, तेव्हा शाळा अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक इंजिनिअर म्हणून नावारूपास आले. आम्ही स्वतः शाळा अर्ध्यावर सोडलेले. तेव्हा ही हकीकत आम्हांस जरा अधिकच गोड लागते, हे कबूल करतो.

तर पडवीतले काम. पट्टीवर निळा रंग अगदी पातळ चोळावयाचा, ती खाचेत सरकवून बाहेर काढावयाची. जेथे उंचवटा तेथे रंग पुसून चकाकी येते. तेवढेच स्क्रेपरने खरवडावयाचे, आणि पुन्हा रंग. तीन संध्याकाळी ह्यातच गेल्या. मग स्पिंडल. त्याच्या निमुळत्या रोलर-बेअरिंगांचे नट जास्त आवळले तर डोके तापते. सैल राहिले तर हत्यार थरथरते आणि कामावर लाटा उमटतात. त्यांनी मशीन अर्धा तास रिकामे फिरविले आणि डोक्यावर तळहात ठेवून बसून राहिले.

हे पाहताना आम्हांस आमच्या वाटाघाटी आठवल्या. एका कारखान्यात मजुरीचा करार करताना एका पाळीत किती नग, ह्यावर आम्ही रात्री जागविल्या. बिघडलेले यंत्र खोलून पुन्हा जोडणाऱ्याच्या कसबाला त्या तक्त्यात रकानाच नव्हता. व्यवस्थापनाने तो ठेवला नाही हे समजण्यासारखे आहे. पण आम्हीही तो मागितला नाही. आमच्या ह्या सहकाऱ्यांची बढती त्याच करारात अडली. त्यावर ते आजवर एक शब्द बोललेले नाहीत.

शेवटी टेबलावर डायल लावून ते ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरविले. काटा दोन शतांश मिलिमीटर हलला. "अजून एक हात मारायला हवा," असे म्हणून त्यांनी जिब पुन्हा बाहेर काढली आणि आम्हांला दिवा खाली धरावयास सांगितले.